बोक्याची साखर उतरतच नाही? डोस वाढवण्याआधी सिरिंजचं टोपण बघा

आमच्या बंड्याचं दुखणं आधी मुंग्यांना कळलं, मग आम्हाला. जानेवारीत बाथरूममधल्या लिटरच्या (बोक्याच्या शी-शूच्या वाळूच्या) ट्रेपर्यंत मुंग्यांची रांग लागली. मी खडू ओढायला निघाले तर सासूबाईंनी अडवलं. "खडू राहू दे. आधी त्याला डॉक्टरकडे ने. ह्याला माझाच आजार झालाय." त्या स्वतः गेली पंधरा वर्षं इन्सुलिन घेतात, त्यामुळे त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेता येईना. (चरकसंहितेत प्रमेहाच्या पूर्वलक्षणांत लघवीकडे मुंग्या ओढल्या जातात असं चक्क लिहिलंय. हे मला नंतर कळलं, तेही त्यांच्याकडूनच.)

बंड्या अकरा वर्षांचा, न्यूटर केलेला, जन्मात कधी फ्लॅटचा उंबरा न ओलांडलेला आणि एके काळी ६.९ किलोचा. मांजरांच्या मधुमेहाला लागतं ते सगळं हजर होतं. त्या महिन्यात तो बादलीला तोंड लावून पाणी पीत होता, दुप्पट खात होता आणि तरी ५.८ किलोवर आला होता. रक्तातली साखर ४३०, लघवीतही साखर, फ्रुक्टोसामाइनही वाढलेलं. शेवटची तपासणी महत्त्वाची. दवाखान्यात घाबरलेल्या धडधाकट मांजराची साखरसुद्धा ३००च्या वर जाऊ शकते, म्हणून एका आकड्यावर निदान करत नाहीत. फ्रुक्टोसामाइन मागच्या दोन-तीन आठवड्यांचा हिशेब सांगतं, त्याला त्या दिवशीच्या घाबरण्याने फरक पडत नाही.

ग्लार्जिन इन्सुलिन सुरू झालं, सकाळी एक युनिट, संध्याकाळी एक युनिट. आता उतरेल म्हणून आम्ही वाट बघत बसलो. सोमवारी ३८०, बुधवारी ४१०, शुक्रवारी अचानक ९०, रविवारी पुन्हा ४४०. डॉक्टरांना फोन केला की ते विचारायचे, "डोस बरोबर देताय ना?" आणि मी छातीठोकपणे म्हणायची, "हो, अगदी घड्याळ लावून." डोस दीडवर गेला, मग दोनवर. साखर तशीच वर-खाली.

दोन महिन्यांनी कारण सापडलं. एक नव्हतं, चार होती, आणि चारही आमच्याच घरातली. तुमच्याकडे इन्सुलिन नियमित चालू असून साखर उतरत नसेल, किंवा एक दिवस आकाशात आणि एक दिवस पाताळात जात असेल, तर खालच्या क्रमाने तपासा. आम्ही हा क्रम उलटा लावला, आधी डोस वाढवला आणि मग बाकीचं बघितलं. त्यात एका रात्री बोका हातचा जायची वेळ आली. डोस किती हे तुमचे डॉक्टरच ठरवणार. पण तो डोस खरोखर मांजराच्या अंगात जातोय का, हे त्यांना दवाखान्यात बसून दिसत नाही. ते आपणच बघायचं असतं.

लाल टोपण, नारिंगी टोपण

आपल्याकडे इन्सुलिनच्या सिरिंजा दोन मापांच्या मिळतात. लाल टोपणाची ४० युनिटवाली आणि नारिंगी टोपणाची १०० युनिटवाली. कारण इन्सुलिनही दोन तीव्रतांचं मिळतं. सासूबाई घेतात त्या बाटलीवर "४० आययू प्रति मिली" असं छापलेलं आहे (आययू म्हणजे युनिटच). बंड्याच्या ग्लार्जिनवर "१०० आययू प्रति मिली". बाहेरून बघितलं तर दोन्ही बाटल्या सारख्याच चिमुकल्या, आणि आमच्या फ्रीजमध्ये एकाच डब्यात शेजारी शेजारी.

सकाळचं इंजेक्शन मी द्यायची, नारिंगी टोपणाच्या सिरिंजने. संध्याकाळचं नवरा द्यायचा. आमच्या मेडिकलवाल्याकडे नारिंगी सिरिंजा कधी असायच्या, कधी नसायच्या. संपल्या की नवरा सासूबाईंच्या पाकिटातली लाल घ्यायचा. त्याचं म्हणणं, सुई ती सुई, आकडा तो आकडा. हिशेब करून बघा. लाल सिरिंजवर १ची रेघ म्हणजे एक मिलीचा चाळिसावा भाग. त्यात १०० तीव्रतेचं इन्सुलिन भरलं तर १च्या रेघेला अडीच युनिट जातात. डोस दोनवर गेला तेव्हा ज्या संध्याकाळी लाल सिरिंज हाती लागायची त्या संध्याकाळी बंड्याला पाच युनिट मिळत होते. ज्या संध्याकाळी नारिंगी, त्या दिवशी दोन. मग आकडे झोके घेणार नाहीत तर काय करतील?

उलटी चूकही होते, आणि तिच्यात साखर कधी उतरतच नाही. मांजरासाठी ४० तीव्रतेचं इन्सुलिन दिलेलं असेल (जनावरांसाठी खास बनवलेली काही इन्सुलिनं ह्याच तीव्रतेची असतात) आणि तुम्ही नारिंगी सिरिंज वापरत असाल, तर १च्या रेघेला फक्त ०.४ युनिट जातात. तुम्ही महिनाभर मनापासून इंजेक्शनं देता आणि मांजराला निम्मंही औषध मिळत नाही.

सिरिंज योग्य असली तरी आणखी एक खोच आहे. एक मिलीच्या नारिंगी सिरिंजवर प्रत्येक रेघ दोन युनिटची असते. त्यात एक युनिट भरायचं म्हणजे दोन रेघांच्या मध्ये डोळ्याने अंदाज. माणसाला चाळीस युनिट द्यायचे असतील तर अर्ध्या युनिटाने काही बिघडत नाही. मांजराचा डोसच एक युनिट, तिथे अर्धं इकडे-तिकडे म्हणजे पन्नास टक्के. म्हणून ०.३ मिलीची, शक्य असेल तर अर्ध्या युनिटाच्या रेघा असलेली नारिंगी सिरिंज मागा. कोपऱ्यावरच्या दुकानात नसते, मागवून घ्यावी लागते. आम्ही आता एकदम शंभर आणून ठेवतो. बंड्याचं सगळं सामान वेगळ्या डब्यात, डब्यावर मांजराचा स्टिकर. सासूबाईंनी स्वतःच्या डब्यावर स्वतःचा फोटो चिकटवला.

आणि घरात कुणाचं इन्सुलिन आहे म्हणून त्यातलंच मांजराला, हे नको. माणसांची बरीच इन्सुलिनं, विशेषतः ३०-७० मिश्रणं, मांजराच्या अंगात बारा तास टिकत नाहीत. दुपारनंतर साखर पुन्हा वर.

ती रात्र

रात्री पावणेबाराला बंड्या पाणी प्यायला उठला आणि दारू प्यायल्यासारखा भिंतीला आपटला. मग खाली बसला, मान डुलवत. हाक मारली तर बघेना. मला वाटलं अर्धांगवायू. सासूबाई झोपेतून उठून आल्या, एकदा बघितलं आणि म्हणाल्या, "शुगर लो झालीय. मध आण."

मीटरवर ४१ आला. मांजराची साखर ६०च्या खाली गेली की धोका. डुलत चालणं, थरथर, एकटक बघणं, विचित्र ओरडणं, मग झटके आणि बेशुद्धी. खात असेल तर लगेच खायला द्या, जे आवडतं ते. त्या वेळी पथ्यबिथ्य नाही. खात नसेल तर मध, ग्लुकोजचं दाट पाणी किंवा साखरेचा पाक बोटाने हिरड्यांवर चोळा. घशात ओतू नका, श्वासनळीत जाईल. झटके येत असतील तर दातांच्या मध्ये बोट घालू नका, ओठाच्या आतल्या बाजूला लावा. आणि थोडं बरं वाटलं तरी डॉक्टरांकडे न्यायचंच. ग्लार्जिनसारखं इन्सुलिन तासन् तास काम करत राहतं, मधाचा असर तासाभरात ओसरतो आणि साखर पुन्हा कोसळते. आम्ही रात्रभर खेपा घालत होतो, अर्धी रात्र दवाखान्यात सलाइनवर आणि अर्धी घरी दर अर्ध्या तासाने साखर मोजायला त्याचा कान टोचत.

(मांजराला गोड चव कळतच नाही, माहितीय? गोडाची चव घेणारा एक जनुक मांजरांच्या कुळात निकामी झालाय. बंड्याने आयुष्यात कधी गोड चाखलं नाही आणि त्याला साखरेचा आजार झाला. सासूबाईंना ह्याचं फार वाईट वाटतं.)

दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, सिरिंजा दाखवा. नवऱ्याने खिशातून लाल टोपण काढलं. पुढे कुणी काही बोललं नाही.

औषध अंगात गेलं की अंगावर?

दुसरं कारण मीच होते. बंड्याचे केस दाट. मी मानेवरची कातडी चिमटीत धरून सुई घालायची आणि कधी कधी ती पलीकडून बाहेर यायची. औषध केसांत. इंजेक्शननंतर त्या जागेला हात लावून वास घ्या. इन्सुलिनला दवाखान्यातल्या जंतुनाशकासारखा उग्र वास असतो. केस ओले आणि वास येत असेल तर डोस फुकट गेला.

अशा वेळी पुन्हा देऊ नका. थेंबभर गेलं, निम्मं गेलं की सगळं गेलं, हे तुम्हाला कळायला मार्ग नाही. एक डोस चुकल्याने बहुतेक मांजरांचं काही बिघडत नाही, दोनदा दिल्याने बिघडू शकतं. पुढचा डोस नेहमीच्या वेळी, नेहमीएवढा. म्हणूनच फ्रीजला कागद लावा: तारीख, वेळ, कुणी दिलं, खाल्लं का. आमच्याकडे एकदा दोघांनीही दिलं होतं, "मला वाटलं तू विसरलीस" म्हणून.

आम्ही मान सोडून कुशीवर, पोटाच्या बाजूला द्यायला लागलो. तिथे औषध चांगलं शोषलं जातं असं डॉक्टर म्हणाले. एक चौकोन केस भादरले, म्हणजे कातडी दिसते. रोज त्याच ठिकाणी नाही, डावी-उजवी बाजू आलटून पालटून. कातडीचा तंबू करायचा, तंबूच्या दारातून सुई आत, दट्ट्या पूर्ण दाबायचा, पाचपर्यंत मोजायचं आणि मग काढायची. सिरिंजमध्ये हवेचा बुडबुडा राहिला तर मांजराला इजा होत नाही, पण बुडबुड्याएवढं औषध कमी जातं, आणि एवढ्याशा डोसात बुडबुडासुद्धा मोठा असतो.

बाटली आणि फ्रीज

ह्यावर फार लिहीत नाही. २ ते ८ अंश, दारात नको, कारण दार दिवसातून चाळीस वेळा उघडतं. एकदारी फ्रीज असेल तर बर्फाच्या कप्प्याखाली चिकटवून ठेवू नका. एकदा गोठलेलं इन्सुलिन वितळलं तरी निकामीच. आमच्या नाशिकला एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो आणि लाइटही जाते, तेव्हा सासूबाईंची युक्ती कामाला येते. बाटली घट्ट झाकणाच्या डबीत, डबी पाण्याने भरलेल्या माठात. ग्लार्जिन पाण्यासारखं स्वच्छ दिसायला हवं. गढूळ झालं, कण दिसले तर फेकून द्या. त्यात दुसरं काही मिसळायचं नाही, पाणी घालून पातळ करायचं नाही. (एका ओळखीच्यांनी "मोजायला सोपं जावं म्हणून" हे केलं होतं.)

मांजराला महिन्याला साठ-सत्तर युनिट लागतात, बाटलीत हजार असतात. मग काटकसर म्हणून तीच बाटली सहा महिने चालवायचा मोह होतो. कंपनी उघडल्यापासून २८ दिवस सांगते. फ्रीजमध्ये नीट ठेवली तर त्यापुढे किती चालवायची ते डॉक्टरांना विचारा, पण उघडल्याची तारीख बाटलीवर लिहून ठेवाच. आम्ही ३ मिलीची काडतुसं आणतो, वाया कमी जातं.

ताटलीत नक्की काय पडतं?

तिसरं कारण सगळ्यात अवघड निघालं, कारण ते प्रेमापोटी होतं.

मांजर मुळात मांसाहारी. उंदीर-चिमण्यांत पिष्ट नगण्य, त्यामुळे आलेल्या पिठाचा निपटारा करायची यंत्रणा त्याच्या शरीरात तोकडी. मधुमेही मांजराला एकूण उष्मांकांतले साधारण १२ टक्क्यांपेक्षा कमी पिष्टातून मिळावेत असं सांगतात. आता तुमच्या कोरड्या दाण्यांच्या पाकिटामागे बघा. पिष्टाचा आकडा तिथे छापलेलाच नसतो. तो काढावा लागतो: शंभरातून प्रथिनं, चरबी, तंतू, राख (म्हणजे खनिजं) आणि पाणी वजा करा, उरेल ते पिष्ट. उदाहरणादाखल, प्रथिनं ३२, चरबी १२, तंतू ४, राख ८, पाणी १०. बेरीज ६६, म्हणजे पिष्ट ३४.

पण ओल्या खाण्याशी तुलना करायची तर ह्यावर थांबून चालत नाही, कारण त्यात पाणीच ऐंशी टक्के. उष्मांकांत मोजावं लागतं. प्रथिनं आणि पिष्ट ग्रॅमला ३.५, चरबी ८.५ धरायची. वरच्या दाण्यांत प्रथिनांचे ११२, चरबीचे १०२, पिष्टाचे ११९. एकूण ३३३ पैकी ११९, म्हणजे जवळपास ३६ टक्के. आता एक ओलं पाकीट घ्या: प्रथिनं १०, चरबी ४, तंतू ०.५, राख २, पाणी ८१. पिष्ट उरलं २.५. उष्मांकांत ७८ पैकी ९, म्हणजे ११ टक्के. चाललं. दुसरं ओलं पाकीट, दाट रश्श्याचं: प्रथिनं ७.५, चरबी २, तंतू १, राख २, पाणी ८४. पिष्ट ३.५, ऐकायला किरकोळ. पण उष्मांकांत ५५ पैकी १२, म्हणजे २२ टक्के. रस्सा पिठाने दाट केलेला असतो. दोन्ही पाकिटं दिसायला जुळी. राखेचा आकडा पाकिटावर नसेल तर कोरड्याला ७-८, ओल्याला २ धरून चाला. अंदाज येतो तेवढा पुरे.

हा सगळा हिशेब मी वहीत केला, योग्य पाकिटं आणली, आणि तरी साखर वरच. मग एका दुपारी ऑफिसातून लवकर आले तर सासूबाई दुधात पोळी कुस्करून बंड्यापुढे ठेवत होत्या. "दोन चमचे मटणासारखं काहीतरी देता तुम्ही, बिचारा उपाशी राहतो." रोज दुपारी, दोन महिने. दूध-पोळी, कधी दूध-भात, एकादशीला वरीचे तांदूळ. त्यांना पथ्य समजावणं मला कठीण, कारण त्या स्वतः फ्रीजमागे श्रीखंडाचा डबा लपवतात. शेवटी मीटरनेच काम केलं. एके दिवशी दूध-भात खाण्याआधीचा आणि दोन तासांनंतरचा असे दोन आकडे त्यांच्याच हाताने काढले. २१० आणि ३९०. दुसऱ्या दिवसापासून दुपारी उकडलेल्या चिकनचे तुकडे, बिनमिठाचे, बिनकांद्या-लसणाचे. कांदा-लसूण मांजराला विषच. पण लक्षात घ्या, नुसतं उकडलेलं चिकन हे पूर्ण अन्न नव्हे. त्यात कॅल्शियम कमी, आणि उकडताना टॉरीन (मांसातलं, मांजराला लागतंच असं एक पोषक द्रव्य) पाण्यात निघून जातं. टॉरीनच्या अभावी मांजराची दृष्टी आणि हृदय दोन्ही बिघडतं. खाऊ म्हणून ठीक, मुख्य जेवण संतुलित पाकिटाचंच.

इथे एक मोठी धोक्याची घंटा. हे वाचून उद्या सकाळी दाणे बंद आणि ओलं चालू, असं करू नका. इन्सुलिन तेवढंच आणि पिष्ट एकदम कमी झालं तर साखर त्याच दिवसांत कोसळते. खाणं बदलायचं ते हळूहळू, डॉक्टरांना सांगून, घरी रोज साखर बघत. जाड मांजराला उपाशी ठेवूनही बारीक करू नये. दोन-तीन दिवस पोटात काही गेलं नाही तर त्यांच्या यकृतात चरबी साठते आणि तो आजार मधुमेहापेक्षा लवकर जीव घेतो. आठवड्याला वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास कमी होणं पुष्कळ झालं.

आकडा तरी खरा आहे का?

आम्ही सासूबाईंचाच मीटर वापरत होतो. माणसांचा मीटर मांजराच्या रक्तात सहसा खरी असते त्यापेक्षा कमी साखर दाखवतो. माणसात रक्तातल्या साखरेचा मोठा हिस्सा तांबड्या पेशींत असतो, मांजरात जवळजवळ सगळी पेशींबाहेरच्या द्रवात. मीटर माणसाच्या हिशेबाने गणित करतो. म्हणून जनावरांसाठीचे वेगळे मीटर असतात. पट्ट्या महाग आहेत. माणसांचा वापरायचा तर वापरा, पण एकच मीटर कायम वापरा आणि डॉक्टरांना सांगा कोणता आहे.

रक्त कानाच्या कडेच्या शिरेजवळून घ्यायचं. कान आधी कोमट कापडाने शेकला तर थेंब पटकन येतो. मागे कापसाचा बोळा धरा, नाहीतर सुई तुमच्या बोटात. टोचून झालं की लगेच आवडीचा तुकडा. बंड्या आता मीटरचा डबा वाजला की स्वतः येऊन बसतो.

सर्वांत मोठी चूक म्हणजे एकाच आकड्यावरून ठरवणं. फक्त इंजेक्शनच्या आधीची साखर बघितली तर ती वरच दिसणार, कारण मागच्या डोसचा असर तेव्हा संपत आलेला असतो. मध्ये ती किती खाली गेली होती ते कळत नाही. रविवारी घरी असाल तेव्हा इंजेक्शनच्या आधी आणि मग दर दोन तासांनी, बारा तास मोजा. सगळ्यात खालचा आकडा ८० ते १५०च्या दरम्यान यावा, इंजेक्शनआधीचा ३००च्या आत, असं साधारण ध्येय सांगतात. खालचा आकडा १००ला टेकत असेल आणि तुम्ही सकाळच्या ३५० वर डोस वाढवून मागत असाल, तर तुम्ही त्याच रात्रीकडे निघाला आहात जी आम्ही काढली. डोस बदलला की निदान आठवडाभर थांबा. ग्लार्जिन बसायला वेळ घेतं. साखर फार खाली गेली तर मात्र थांबायचं नाही, लगेच फोन.

चौदा दिवस कातडीला चिकटून राहणारा माणसांचा सेन्सरही काही डॉक्टर मांजरांना लावतात. आमच्याकडे तो तिसऱ्या दिवशी सोफ्याखाली सापडला.

आकडे न काढताही बरंच कळतं. वाडग्यात मोजून पाणी घाला, चोवीस तासांनी उरलेलं मोजा. किलोमागे दिवसाला १०० मिलीच्या वर जात असेल तर ते जास्तच. ओलं खाणारं मांजर तर फारच कमी पितं. लिटरमधले गोळे लिंबाएवढे आहेत की मोसंब्याएवढे? बंड्याचे गोळे लहान झाले ते मीटरच्या आधी आमच्या कामवाल्या मावशींनी सांगितलं.

मग तोंड उघडून बघा

सिरिंज, हात, बाटली, ताटली, मीटर, सगळं ठीक आणि तरी साखर वर? मग शरीरात दुसरं काहीतरी इन्सुलिनला दाद देऊ देत नाही. आमचं चौथं कारण इथे होतं. बंड्याच्या मागच्या दाढेला पू झाला होता. तोंडाला वास यायचा, तो आम्ही माशांच्या नावावर खपवत होतो. दाढ काढली आणि दोन आठवड्यांत डोस उतरवावा लागला.

लघवीतला जंतुसंसर्ग हे तसंच लपलेलं कारण. साखरेची लघवी जंतूंना मेजवानीच, आणि मांजर कुरकुर करेलच असं नाही. लघवीचं कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) मागा. स्वादुपिंडाची सूज, थायरॉइड, मूत्रपिंडं हेही डॉक्टर तपासतील. तुम्ही आठवून सांगायचं ते स्टेरॉइडचं. खाज किंवा दम्यासाठी कुणी "महिनाभर टिकणारं" इंजेक्शन दिलं होतं का? ते इन्सुलिनवर पाणी फिरवतं, आणि कित्येक मांजरांचा मधुमेह मुळात त्यानेच उघड होतो.

आणखी एक आजार आपल्याकडे फारसा तपासला जात नाही. मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीवर गाठ येते आणि वाढीचं संप्रेरक बेसुमार वाढतं. ब्रिटनमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या १,२२१ मधुमेही मांजरांच्या अभ्यासात साधारण चौथ्या हिश्श्याच्या रक्तात ह्याची खूण सापडली. साखर ताब्यात नसताना मांजराचं वजन वाढत असेल, चेहरा रुंद, पंजे मोठे दिसत असतील आणि डोस चढतच चालला असेल, तर आयजीएफ-१ ह्या रक्तचाचणीबद्दल विचारा.

वाट बघायची नाही ती लक्षणं

इन्सुलिन चालू असलेलं मांजर खायचं थांबलं, उलट्या करतंय, कोपऱ्यात पडून राहिलंय, श्वास जोरात चाललाय, तोंडाला नेलपॉलिश काढायच्या द्रवासारखा वास येतोय, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. शरीर साखर वापरू न शकल्याने चरबी जाळतंय आणि रक्तात आम्ल साचतंय. लघवीतले कीटोन बघायच्या पट्ट्या मेडिकलमध्ये मिळतात, घरी ठेवा. इंजेक्शनच्या वेळी मांजर जेवलं नाही तर डोस द्यायचा, निम्मा करायचा की टाळायचा, हे त्या क्षणी ठरवू नका. डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या आणि तो कागद फ्रीजवर लावा.

२०२२ आणि २०२३ साली अमेरिकेत मांजरांसाठी तोंडाने द्यायची दोन औषधं मंजूर झाली, लघवीवाटे साखर बाहेर टाकणारी. ऐकून सुईचा कंटाळा आलेल्या कुणालाही हायसं वाटेल. पण ती आधी इन्सुलिनवर असलेल्या मांजरांसाठी नाहीत, आणि त्यांच्यावर असताना रक्तातली साखर ठीक दिसत असूनही वरचा आम्लाचा प्रकार होऊ शकतो. माणसांची त्याच जातीची गोळी अर्धी करून देण्याचा विचार कुणी करत असेल तर कृपया नको.

बंड्याची चाल अजून पूर्ण सुधारलेली नाही. मागचे पाय तो टाचा टेकवून टाकतो, नसांवर साखरेचा परिणाम झालाय म्हणून. साखर ताब्यात राहिली तर हे हळूहळू बरं होतं. चार महिन्यांपूर्वी त्याला खुर्चीवर चढता येत नव्हतं, आता चढतो, कट्ट्यावर अजून नाही. मांजरांत एक गोष्ट माणसांपेक्षा वेगळी: सुरुवातीच्या महिन्यांत साखर नीट ताब्यात आली तर काहींचं इन्सुलिन पूर्ण सुटतं. बंड्या अर्ध्या युनिटावर आलाय. सुटेल की नाही ते कळेल. सुटलं तरी खाणं तेच ठेवायचं आणि मोजणं चालूच.

सध्याचा प्रश्न गणपतीचा आहे. पाच दिवस गावी जायचंय आणि बंड्याला प्रवास झेपत नाही. समोरच्या काकूंचा मुलगा तयार आहे. त्याला गेल्या रविवारी सलाइनचं पाणी भरून उशीवर शिकवलं. सिरिंजा मोजून दहा ठेवणार, सगळ्या नारिंगी, आणि सासूबाईंचा डबा आमच्याबरोबर गावी.